शंभर रुपये गेले कोठें?

आमच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत कितीएक घरचीं वडील माणसें रात्रपाळीस जातात. वेतनाचा हिशेब आतां वहीवर थोडा आणि संगणकावर फार होतो. म्हणून जावा भाषेंतील एक बारीकसा नियम केवळ परीक्षेपुरता मानूं नये, असें आम्हांस वाटतें.

सन मायक्रोसिस्टिम्सनें १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या या भाषेंत एक वर्ग दुसऱ्याचा वारसा घेतो. समजा, ‘कामगार’ हा मूळ वर्ग. त्यांत ‘भत्ता’ हें फील्ड असून त्याची किंमत शून्य आहे. आणि रोजांत भत्ता मिळविणारी ‘वेतन’ ही मेथड आहे. ‘रात्रकामगार’ हा त्याचा वारस. लिहिणाऱ्यानें वारसांत पुन्हां ‘भत्ता’ हेंच फील्ड मांडून १०० हा आंकडा घातला. रोज ५०० रुपये असल्यास रात्रकामगाराचें वेतन किती? कोणीही ६०० म्हणेल; परंतु उत्तर ५०० येतें!

कारण नवें फील्ड जुन्यास पुसत नाहीं, केवळ झांकतें. एकाच वस्तूंत दोन्ही भत्ते नांदतात. कोणता घ्यावयाचा हें कंपायलर घोषित प्रकारावरून आधींच ठरवितो. आणि ‘वेतन’ मूळ वर्गांत लिहिलेली असल्यामुळें तिला तेथलेंच शून्य दिसतें. मेथडीची गोष्ट निराळी. भत्ता सांगणारी साधी मेथड मूळ वर्गांत ठेवून ती वारसानें पुन्हां लिहिली, तर प्रोग्रॅम चालतांना वस्तु प्रत्यक्षांत कोणाची हें पाहिलें जातें, वारसाचीच मेथड चालते, व ६०० रुपये पदरीं पडतात. (स्टॅटिक आणि प्रायव्हेट मेथडींस मात्र हा नियम लागू नाहीं.)

नियम पाठ केला म्हणजे झालें, असें कांहीं म्हणतील. आम्हांस तें मान्य नाहीं. येथें कंपायलर चकार शब्द काढीत नाहीं, कारण भाषेच्या दृष्टीनें कांहींच चुकलेलें नसतें. चूक उघडकीस येते ती पगाराच्या दिवशीं, आणि तीही ज्यास प्रोग्रॅम वाचतां येत नाहीं अशा माणसापुढें. म्हणून फील्डें प्रायव्हेट ठेवावीं. वारसांत तेंच नांव पुन्हां घेऊं नये. बदल करणें तो मेथडींतून करावा. तिच्यावर २००४ सालच्या जावा ५ पासून मिळालेली ‘ओव्हरराइड’ ही खूण अवश्य घालावी, म्हणजे मेथडीचें नांव लिहितांना चूक झाल्यास कंपायलरच हात धरील.

विद्यार्थिमित्रांनीं हा लहानसा प्रोग्रॅम स्वहस्तें लिहून दोन्ही रीतींनीं चालवून पाहावा. आणि पालकांनीं त्यांस घरीं एवढेंच विचारावें कीं, शंभर रुपये गेले कोठें?