हायब्रिड मोटार आणि महाग पेट्रोल

आपल्या लिंबायतमधील व्यापारी बंधूंच्या दारीही आता हायब्रिड मोटार दिसू लागली आहे. इतक्या किमतीच्या मोटारीस महाग पेट्रोलच हवे, हा समज मात्र अनाठायी होय. इंडियन ऑइलने २०२० साली आणलेल्या ‘एक्सपी १००’ मधील १०० हा आकडा ऑक्टेनचा. तो इंधनाची ताकद सांगत नाही. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा गुण सांगतो. बासमती महाग, म्हणून इडलीला कोणी भिजवीत नाही! मोटारीच्या पुस्तिकेत लिहिलेला ऑक्टेन साध्या पेट्रोलात मिळत असेल, तर वरचे पैसे व्यर्थ होत. पुस्तिकाच अधिक मागत असेल, तेथे मात्र काटकसर नको. इंजिनात ठोके पडतात. उधन्याच्या गर्दीत हायब्रिड पैसे वाचविते, ते ब्रेक लावताना बॅटरीत परतणाऱ्या विजेमुळे.