घरच्या गोळ्या आणि दारचा कुत्रा

वैश्वदेवाच्या वेळीं कुत्र्यासाठीं घांस काढून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मात्र तो घांस दाराबाहेर ठेवीत. हल्लीं पुष्कळ घरांत कुत्राच दाराच्या आंत आला आहे. तो दिवाणखान्यांत झोपतो आणि घरांतल्या वडील माणसांबरोबरच म्हाताराही होतो. दहा-अकरा वर्षांचा झाला कीं त्याचे मागचे पाय अवघडतात, जिना चढतांना तो मध्येंच थांबतो, उठतांना कण्हतो. तें पाहवत नाहीं म्हणून घरांतील कोणीतरी आजोबांच्या गुडघेदुखीची गोळी पोळीच्या तुकड्यांत घालून त्याला चारतें. आम्हांस ह्या विषयावर लिहावेंसें वाटलें तें एवढ्याचसाठीं कीं, हा अपाय निष्काळजीपणानें नव्हे, प्रेमानें होतो.

ॲस्पिरिन १८९९ सालीं बाजारांत आलें. पण तें वेदना कशी शमवितें ह्याचा उलगडा इंग्लंडमधील जॉन व्हेन ह्यांनीं १९७१ सालीं केला, आणि १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. शरीरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. सूज आणि ठणका वाढविण्यांत त्यांचा हात असतो, आणि ह्या वर्गांतील औषधें तीं तयार होऊं देत नाहींत. परंतु हींच द्रव्यें जठराचें आंतलें अस्तर सांभाळतात, आणि शरीरांत पाणी कमी पडलें असतां मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. येथें चोर आणि रखवालदार एकच असल्यामुळें एकास हांकललें कीं दुसराही जातो.

“अहो, माणूस साठ किलोंचा, कुत्रा दहा किलोंचा, पाव गोळीनें काय होणार?” असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. परंतु हें केवळ वजनाचें गणित नव्हे. नेप्रॉक्सेनचें रक्तांतील प्रमाण निम्म्यावर येण्यास माणसांत १२ ते १७ तास लागतात, कुत्र्यांत सुमारें ७४ तास. म्हणजे दुसऱ्या दिवशींची गोळी पहिलीच्या डोक्यावर बसते, तिसरी दुसरीच्या. शिवाय २५० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर दहा किलोंच्या कुत्र्यास किलोमागें सहा मिलिग्रॅमहून अधिक पडतो, आणि किलोमागें पांच मिलिग्रॅमपासूनच अपाय झाल्याचें आढळलें आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ह्यांनींही जठरांत व्रण पडतात. मात्रा मोठी असल्यास मूत्रपिंडें निकामी होतात. पॅरासिटामोल ह्या वर्गांतलें नव्हे, तरी तेंही आपण होऊन देऊं नये. घरांत मांजर असल्यास तर ती गोळी खालीं पडूंही देऊं नये. एका गोळीनें मांजर दगावूं शकतें.

कुत्र्यांसाठीं म्हणून तयार केलेलीं औषधें आहेत: कारप्रोफेन (अमेरिकेंत तें १९९७ पासून मिळूं लागलें), मेलोक्सिकॅम, फिरोकोक्सिब, रोबेनाकोक्सिब. पशुवैद्य त्यांतून निवड करतात. मेलोक्सिकॅम हें नांव आजोबांच्या डबींतही सांपडेल, आणि तेंच फसवें आहे. कुत्र्यास पहिल्या दिवशीं किलोमागें ०.२ मिलिग्रॅम आणि पुढें ०.१ मिलिग्रॅम, अशी नेहमींची मात्रा असते; म्हणजे दहा किलोंच्या कुत्र्यास दिवसाकांठीं एक मिलिग्रॅम. माणसांची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते! नांव एकच, पण साडेसातपट किंवा पंधरापट औषध.

हीं औषधेंही निर्धोक आहेत असें नाहीं. १९९८ सालीं कारप्रोफेनमुळें यकृत बिघडलेल्या २१ कुत्र्यांची हकीगत प्रसिद्ध झाली. त्यांतील १३ लॅब्राडोर होते. असा बिघाड विरळा होतो, पण तो आधीं ओळखतां येत नाहीं. म्हणून औषध दीर्घकाळ चालवावयाचें असल्यास आरंभीं, कांहीं आठवड्यांनीं आणि पुढें ठराविक मुदतीनें रक्त तपासून यकृत व मूत्रपिंडें पाहावीं लागतात. पशुवैद्यांनीं तपासणी सांगितली तर ती उगाच वाढविलेली बिलाची रक्कम समजूं नये.

गोळी खाण्याबरोबर द्यावी, पाण्याचें भांडें भरलेलें असावें. कुत्र्यास वांत्या होत असतील किंवा तो पाणी पीत नसेल तर त्या दिवशीं गोळी न देतां पशुवैद्यांस विचारावें. अंगाच्या खाजेसाठीं प्रेड्निसोलोन चालूं असेल तर तें आधीं सांगावें. दोन्ही एकत्र दिल्यास पोटांत व्रण होण्याचा धोका फार वाढतो. एक वेदनाशामक सोडून दुसरें घेतांना मध्यें कांहीं दिवस मोकळे जावे लागतात; किती, तें पशुवैद्य ठरवितील.

आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. सकाळीं काकू गोळी देतात; दुपारीं पुतण्या, कुत्रा लंगडतो म्हणून पुन्हां देतो; संध्याकाळीं आजी, “आज कोणीं दिलीच नसेल,” म्हणून तिसरी. ह्यासाठीं हें काम एकाच माणसाकडे असावें आणि स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर रोज खूण करावी. कांहीं गोळ्यांना काळजाचा, म्हणजे मांसाचा, स्वाद असतो. त्या डबीची जागा देवघराच्या कपाटांत नसावी हें सांगणें नलगे. पण ती कुत्र्याच्या तोंडापासूनही उंच असावी, कारण चव आवडल्यास तो सगळी डबी फस्त करतो.

अन्नावरची वासना जाणें, वांती, जुलाब, डांबरासारखा काळा मळ, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसणें, एकाएकीं तहान वाढणें, ह्यांपैकीं एकही दिसलें तरी औषध थांबवून पशुवैद्यांस कळवावें. माणसांच्या गोळ्या कुत्र्यानें खाल्ल्या असतील तर लक्षणांची वाट पाहूं नये, मिठाचें पाणी पाजून ओकावयास लावूं नये. गोळ्यांचें पाकीट हातांत घेऊन तसेंच दवाखान्यांत जावें.

हें वाचून कोणी औषधच नको म्हणेल, तर तेंही आम्हांस मान्य नाहीं. सांध्यांचा ठणका सोसत पडून राहणें कुत्र्यालाही यातनाच आहे. मात्र औषध कमी लागावें असें पुष्कळ करतां येतें. शहाबादी फरशीवर त्याचे पाय घसरतात; तेथें जुनी सतरंजी अंथरावी. फिरणें थोडें थोडें, पण रोज असावें. आणि वजन उतरवावें. सणावारीं प्रत्येकाच्या पानावरून एकेक घांस मिळाला कीं तो फुगतो. मात्रा वजनावरच ठरते, म्हणून दर महिन्यास त्याचें वजन घ्यावें. कांट्यावर तो उभा राहत नसेल तर त्याला उचलून घेऊन उभें राहावें आणि मग आपलें वजन वजा करावें.