जर-तरचे कोष्टक आणि जर-तरचा सराव

नववीतल्या एका मुलीने ‘इफ’च्या वीस रिकाम्या जागा भरल्या आणि वीसच्या वीस बरोबर आल्या. वही परत देताना मी तिला इंग्रजीतच विचारले, काल चाचणीला का आली नाहीस? एसटी उशिरा आली, एवढे तिने नीट सांगितले. मी पुढे विचारले, आणि वेळेवर आली असती तर? आता तिचे ओठ हलू लागले, पण आवाज फुटेना. बोटे बाकावर कसल्यातरी ओळी मोजत होती. शेवटी हळूच म्हणाली, “मॅडम, हे टाइप टू की टाइप थ्री?” मी म्हटले, मराठीत सांग. तेव्हा एका दमात उत्तर आले : “एसटी वेळेवर आली असती तर माझी चाचणी बुडाली नसती.”

विचार तिच्याकडे पुरा होता. इंग्रजी क्रियापदाची रूपे तिला पाठ होती. या दोहोंना जोडणारा पूल मात्र आम्ही शिक्षकांनी कधी बांधलाच नव्हता. आम्ही तिला कोष्टक दिले होते.

हे कोष्टक मराठी शाळांत सगळ्यांच्या ओळखीचे आहे. टाइप वन : इफनंतर साधा वर्तमानकाळ, पुढे विल. टाइप टू : इफनंतर साधा भूतकाळ, पुढे वुड. टाइप थ्री : इफनंतर हॅड आणि क्रियापदाचे तिसरे रूप, पुढे वुड हॅव. त्याची बाजू घेणारे सहकारी म्हणतात, वर्गात साठ मुले असतात, तास पस्तीस मिनिटांचा, आणि परीक्षेत विचारतात तेच करून घ्यावे लागते. कोष्टकाने निदान कच्च्या मुलाच्या हाताला काही लागते. हे म्हणणे पोकळ नाही. रूपे पाठ करायलाच हवीत. तिसरे रूप येत नसेल तर पुढचे सगळे अडते.

पण कोष्टक वाक्य कसे बांधायचे ते सांगते, कोणते बांधायचे ते सांगत नाही. रिकाम्या जागांच्या प्रश्नात अर्धे वाक्य छापलेलेच असते. विल दिसले की वर्तमानकाळ, वुड दिसले की भूतकाळ, वुड हॅव दिसले की हॅड. मूल जोडी लावते आणि गुण मिळवते. वाक्याचा अर्थ काय, बोलणाऱ्याला ती गोष्ट घडेल असे वाटते की नाही, हे त्याला एकदाही ठरवावे लागत नाही. बोलताना मात्र पहिल्या शब्दाआधी तेच ठरवावे लागते. म्हणून वीसपैकी वीस मिळवणारी मुलगी एसटीपाशी अडते.

शिवाय या तीन डब्यांत इंग्रजी मावतही नाही. मायकल लुइस यांनी 1986 च्या ‘द इंग्लिश व्हर्ब’ या पुस्तकात दाखवून दिले की भूतकाळी रूप तिथे काळाहून अधिक अंतर दाखवते : काळाचे, वास्तवापासूनचे, कधी नम्रतेचे. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या केंब्रिज व्याकरणात मुख्य भेद दोनच आहेत, एक खुली शर्त आणि दुसरी दूरची. शक्यता मोकळी आहे की बोलणाऱ्याने ती मनातून दूर सारली आहे, एवढाच मूळ प्रश्न.

आणि हा प्रश्न मराठी मुलाला परका आहे का? ‘पाऊस पडला तर मी येणार नाही’ आणि ‘पाऊस पडला असता तर मी आलो नसतो’ यांतला फरक पाचवीतल्या मुलाला कुणी समजावून द्यावा लागत नाही. आपल्या शाळेच्या व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ यांच्या रांगेत संकेतार्थ बसलेला आहे. न घडलेल्या गोष्टीसाठी पाणिनीने लृङ् हा वेगळा लकार नेमून दिला. ‘आई संपावर गेली तर’, ‘परीक्षा नसत्या तर’ अशा कल्पनाप्रधान निबंधांत हीच मुले पानेच्या पाने जर-तर लिहितात. तीच मुले इंग्रजीच्या तासाला जर-तर अवघड म्हणून घाबरतात, याची मला मनापासून चीड येते. ज्या घरात ती जन्मापासून राहतात त्याच घराच्या दारात आपण त्यांना पाहुण्यासारखे उभे करतो.

इथे दुसरा आक्षेप येतो : इंग्रजीच्या तासाला मराठी नको, मुले शब्दाला शब्द ठेवून चुका करतात. चुका करतात हे खरेच. पण मराठीला वर्गाबाहेर काढल्याने ती मुलाच्या डोक्यातून जात नाही. फक्त शिक्षकाच्या नजरेआड जाते. ‘इफ इट विल रेन’ ही चूक कुठून येते? ‘जर तू अभ्यास करशील तर पास होशील’ या मराठी वाक्यातून, कारण आपल्याकडे जरनंतर भविष्यकाळ चालतो. ‘इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम’ कुठून येते? ‘पडला तर’मधून. आपण भूतकाळी रूप वापरून भविष्यातली अगदी शक्य गोष्ट सांगतो. इंग्रजी तेच भूतकाळी रूप वापरून ती गोष्ट दूर लोटते. साधन एक, काम उलटे. हे उघड सांगितले तर पाच मिनिटांत समजते. सांगितले नाही तर मूल वर्षानुवर्षे तिथेच ठेचकाळते आणि आपण लाल शाई वापरत राहतो.

खरी गाठ याहून पुढे आहे आणि ती कोष्टकात कुठेच दिसत नाही. ‘माझ्याकडे सायकल असती तर मी रोज वेळेवर आले असते.’ हे आजचे की मागल्या वर्षीचे? मराठीत दोन्ही होऊ शकते. ‘आज’, ‘तेव्हा’ असा शब्द घालून किंवा संदर्भाने आपण भागवतो. इंग्रजी इथे क्रियापदातच निवड करायला लावते. आज सायकल नाही : इफ आय हॅड अ सायकल, आय वुड कम ऑन टाइम. मागच्या वर्षी नव्हती : इफ आय हॅड हॅड अ सायकल, आय वुड हॅव कम ऑन टाइम. ‘आज आजोबा असते तर त्यांना किती आनंद झाला असता’ याचे इंग्रजी करताना चांगली मुलेसुद्धा ‘वुड हॅव बीन हॅपी’ लिहितात, कारण ‘झाला असता’ कानात असते. मराठीत एकच ‘असता’ जिथे दोन कामे करतो, तिथे मराठी मुलाला सराव हवा, आणि भरपूर हवा. हे मराठी बोलल्याशिवाय दाखवणार कसे?

तिसरा पक्ष सरावच नको म्हणतो. भाषा कानावर पडू द्या, व्याकरण आपोआप येईल. स्टीफन क्रॅशन यांनी 1982 मध्ये ही भूमिका जोरात मांडली आणि तिचा रुक्ष घोकंपट्टीवरचा राग मला मान्य आहे. पण तालुक्याच्या गावात ‘हॅड कम’ मुलाच्या कानावर पडणार किती वेळा? आणि पडले तरी ऐकू येणार काय? बोलण्यात हॅड आणि वुड दोन्ही आखडून नुसता ‘ड’ उरतो. ‘आयड’ म्हणजे आय हॅड की आय वुड, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळते. महाराष्ट्राने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणले, तरी मराठी शाळेतल्या बहुतेक मुलांची इंग्रजीशी गाठ वर्गातच पडते. त्यांना वर्गातच भाषा बोलायला लावावी लागेल. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत जो बंगळूर प्रकल्प चालवला, त्यातली एक गोष्ट मी उचलली : मुलाचे मन आधी अर्थात गुंतले पाहिजे. रूपांचा मुद्दाम सराव टाळण्याचे त्यांचे मत मात्र मला पटत नाही.

माझा सराव असा चालतो. फळ्यावर एकच गोष्ट येते : कांद्याचा भाव. पेरणीच्या दिवसांत घरात सगळ्यांना आशा असते, तेव्हा वाक्य होते, इफ वी गेट अ गुड प्राइस, वी विल बाय अ फोन. आवक वाढली, बाप काळजीत आहे; तेव्हा मराठीत आपण म्हणतो, ‘समजा मिळालाच भाव तर’. त्या ‘समजा’ने आणि ‘च’ने जे केले तेच इंग्रजी क्रियापद मागे सरकवून करते : इफ वी गॉट अ गुड प्राइस, वी वुड बाय अ फोन. मग कांदा विकून ट्रॉली रिकामी परत येते : इफ वी हॅड गॉट अ गुड प्राइस, वी वुड हॅव बॉट अ फोन. मुले प्रत्येक वाक्याआधी मोठ्याने दोन प्रश्नांची उत्तरे देतात : कधीची गोष्ट? तुला घडेल असे वाटते का? वाक्य त्यानंतर. आधी सगळा वर्ग मिळून, मग जोडीजोडीने, मग वहीत. पहिल्या आठवड्यात कोष्टक भिंतीवर नसते. ते मुले आठवड्याच्या शेवटी स्वतः तयार करतात.

गेल्या वर्षी या सरावात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे मराठी वाक्य होते, ‘बाबांनी बैल विकले नसते तर आज आम्हाला भाड्याचा ट्रॅक्टर लागला नसता.’ विकणे मागचे, गरज आजची. त्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे दोन्ही भागांसाठी वेगवेगळी दिली, थोडा थांबला आणि म्हणाला, “इफ बाबा हॅड नॉट सोल्ड द बुल्स, वी वुड नॉट नीड अ ट्रॅक्टर टुडे.” पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, “मॅडम, हे चुकले, टाइप थ्री आणि टू एकत्र केले!” मी त्या मुलाकडे पाहिले. तो बसला नव्हता. म्हणाला, “पण मॅडम, बैल तेव्हा विकले आणि ट्रॅक्टर आज लागतोय.”