मूळ नळीचा सोस

जुनी बंदूक शिकारीसाठी विकत घेणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि मी स्वतः त्यांच्यातलाच आहे. मिनेसोटात राहायला आल्यापासून दर शरदात बदकांसाठी दलदलीत उतरतो. (भारतात १९७२च्या कायद्यानंतर हे उघड बोलायचीही चोरी, आणि तिथे ते योग्यच आहे. इथे परवाना, हंगाम, पक्ष्यांची संख्या, सगळं ठरलेलं असतं. तो वाद आज नको.)

वाद आहे ब्राउनिंगच्या ‘ऑटो-५’वरून. विंचेस्टरशी पैशांवरून फिसकटलं, रेमिंग्टनचे प्रमुख बोलणी व्हायच्या आतच वारले, म्हणून जॉन ब्राउनिंगची ही बंदूक १९०२ पासून बेल्जियममध्ये एफएनच्या कारखान्यात बनू लागली. बार निघाला की हिची अख्खी नळी मागे सरकते. तो धक्का आवरायला पुढच्या लाकडाखाली घर्षणाच्या कड्या असतात. हलक्या काडतुसासाठी त्यांची मांडणी वेगळी, भारी काडतुसासाठी वेगळी. विकणारा तुम्हाला नक्षी दाखवतो, ‘मेड इन बेल्जियम’वर बोट ठेवतो. कड्या कशा बसवल्यात ते ना तो सांगत, ना आपण विचारत. मीही विचारलं नाही. घरी आणून उघडली तेव्हा मांडणी हलक्या काडतुसाची, आणि लाकडाला आतून चीर. म्हणजे आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं भारी काडतुसं तशीच झाडली होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

पण चीर सांधता येते. खरी गोम छर्‍यांत आहे. अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९१पासून देशभर बंद आहेत, कारण तळाशी पडलेला छर्रा बदक खडा समजून गिळतं आणि विष भिनून मरतं. तसलं बदक खाणारा गरुडही मरतो. आता छर्रे पोलादाचे. ते जुन्या बेल्जियन नळीतून झाडू नका, असं खुद्द कंपनी सांगते. मग बिस्मथची महाग काडतुसं घ्या, नाहीतर पोलाद सोसणारी नंतरची जपानी नळी आणून कारागिराकडून बसवून घ्या.

यावर आमचे रसिक कळवळतात. मूळ नळी काढली की बंदुकीची किंमत गेली म्हणे! कोणाच्या लेखी? दसऱ्याला झेंडू वाहायलाच बंदूक हवी असेल तर खुशाल भिंतीवर टांगा, माझी ना नाही. पण शिकारीला म्हणून घ्यायची, मूळपण जपायचं, आणि वर दबक्या आवाजात सांगायचं, ‘पहाटेच्या धुक्यात कोण बघतंय, शिशाचंच घाल’? हे मी दोन हंगामांत तिघांच्या तोंडून ऐकलं. तिघेही जुन्या कारागिरीवर तासभर बोलू शकतात. ज्या पाण्यात गुडघाभर उभे राहतात, त्याच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

मी जपानी नळी बसवून घेतली. लाकूड थोडं घासावं लागलं. मूळ नळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय. ज्याला हवी त्याने येऊन बघावी.