मेहर उधार, जहेज रोख

जुम्म्याच्या बयानात आम्हाला वारंवार सांगितले जाते की, इस्लामने औरतीला चौदाशे वर्षांपूर्वीच सर्व हक्क दिले. आम्हाला ते मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, दिलेले हक्क गेले कुठे? ते आमच्यापर्यंत पोहोचले नाहीत, म्हणजे वाटेत कुणीतरी अडवले. अडवणारे परके नाहीत. आमचेच बाप, भाऊ, नवरे आणि जमातीचे बुजुर्ग आहेत.

निकाह हा करार आहे, संस्कार नव्हे, असे आम्ही अभिमानाने सांगतो. करारात दोन्ही बाजूंना अटी घालता येतात. पण किती मुलींनी आपला निकाहनामा वाचला आहे? वकील आणि गवाह आत येतात, घुंगटातून 'कबूल' ऐकतात आणि निघून जातात. मेहरची रक्कम बाहेर पुरुषांनीच ठरवलेली असते, तीही उधार. नवरा मेला की मय्यतीपाशी बायका तिच्या कानात सांगतात, 'मेहर माफ कर.' त्या घडीला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? मेहर खुशीने द्यावा अशी ताकीद सूरह निसामध्ये आहे. जहेजचा मात्र कुराणात कुठेही हुकूम नाही. तरी जोड्याची रक्कम, मोटारसायकल, फर्निचर निकाहाआधी रोख मोजून घेतले जाते. जे फर्ज ते उधार आणि जे नाजायज ते रोख, हा कुठला दीन?

दुसरी गोष्ट वारशाची. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा, हे सर्वांना तोंडपाठ आहे. तो निम्माही देतो कोण? बाप गेला की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही केली नाही तर माहेर तुटते. 1937 च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शरियत वाचवा म्हणून रस्त्यावर उतरणाऱ्यांनी या वगळलेल्या जमिनीसाठी कधी मोर्चा काढल्याचे आम्हाला आठवत नाही.

तिसरी गोष्ट, 'मर्द कव्वाम आहे.' का? तर तो खर्च करतो म्हणून. मग सोलापुरात विड्या वळून, मालेगाव-भिवंडीत कांड्या भरून जी घर चालवते, तिच्या घरात कव्वाम कोण? कोकणात नवरा आखातात आणि घर, सासू-सासरे, मुलांची शाळा, बँक सगळे तिच्या डोक्यावर. तरी निर्णय फोनवरून तोच घेतो. औरतीचे स्थान घराच्या चार भिंतींत, असे सांगणाऱ्यांना खदीजाबीबींचा व्यापार आठवत नाही. त्यांच्या मालाची जोखीम कोण सांभाळत होते, हे आम्ही सांगायला नको.

आमच्या नावाने मते मागणाऱ्यांनाही आम्ही ओळखतो. 1966 मध्ये हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायकांनी मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा त्यांच्या पाठीशी कुणी मोठा उभा नव्हता. 1985 मध्ये शाहबानो जिंकली आणि 1986 च्या कायद्याने तिचा विजय काढून घेतला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द केला, 2019 मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद आली. पण तलाक न देताच टाकून दिलेल्या बायकोच्या चुलीचे काय, हे नवऱ्याला कैदेत टाकणाऱ्यांनी विचारले नाही. पोटगी मागण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी पुन्हा स्पष्ट केला. तो वापरणाऱ्या बाईला मोहल्ल्यात बदनाम करू नका, एवढे तरी करा.

आम्हाला दया नको, जुलूसही नको. आमच्या मागण्या साध्या आहेत. मेहर निकाहाच्या दिवशी रोख आणि मुलीच्या हातात. तिच्या अटी निकाहनाम्यात लिहिलेल्या आणि तिला वाचून दाखवलेल्या. जिथे जहेज घेतले जाईल तिथे काझींनी निकाह पढवू नये. आणि बापाच्या सातबाऱ्यावर मुलीचे नाव.

यातली एकही मागणी दीनाच्या बाहेरची नाही. बाहेरची वाटत असेल, तर बंधूंनो, तुम्ही आजवर दीन नव्हे, आपली सोय सांभाळत होता.