बियाण्याच्या गावाला माशांचे बी हवे आहे

मा. संचालक,
केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, वर्सोवा, मुंबई



कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. मी जुन्यातला. गावाबाहेर मोसंबीची बाग आहे आणि बागेसाठी प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे. या तळ्यात चार वर्षांपासून मासे सोडतो, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

गेल्या ऑगस्टच्या अखेरीस बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, आली. टेम्पो पहाटे चारला दारात. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तशाच तरंगत ठेवायच्या, आतले-बाहेरचे पाणी सारखे झाले की मग तोंड सोडायचे, हे आता आमच्या घरातल्या पोरांनाही कळते. मोजणी वाटीने. एका वाटीत किती मावतात ते एकदा मोजायचे, नंतर नुसत्या वाट्या मोजायच्या. पण वाटीत काय आहे? विकणाऱ्याने कटला, रोहू, मृगळ सांगितले. मार्चमध्ये जाळे ओढले तर निम्मे मासे डोक्याने कटल्यासारखे आणि अंगाने रोहूसारखे, वजन पाव किलोच्या आतबाहेर. बाजारात या मापाला कोणी हात लावत नाही.

हे जालन्यात व्हावे याचेच मला जास्त लागते. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी उभी केली; 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना बियाण्याच्या कामासाठी मिळाला. आमच्याकडे कपाशीच्या प्लॉटात क्रॉसिंगला जाणाऱ्या बाईला नर कोणता, मादी कोणती, भेसळीचे झाड कोणते आणि ते फुलायच्या आत का उपटायचे हे सांगावे लागत नाही. शेजारच्या प्लॉटपासून किती अंतर ठेवायचे यावरून बांधावर भांडणे झालेली आहेत. बियाण्याच्या पिशवीवर वाण, लॉट, उगवणशक्ती, सगळे छापलेले असते. माशाच्या बियाच्या पिशवीवर काहीच नसते.

माशाचे बी तयार करण्याचे शास्त्रही या देशाला नवे नाही. पूर्वी पुरात नदीला जाळी लावून मत्स्यजिरे गोळा करायचे आणि त्यात जे येईल ते येईल. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्प माशांना अंडी घालायला लावले आणि नदीवरचे अवलंबित्व सुटले. मात्र बी तळ्यावरच काढता येऊ लागल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. तेच ते थोडे नर-मादी वर्षानुवर्षे वापरले गेले आणि वेगवेगळ्या जाती एकाच टाकीत सोडल्या गेल्या. 1980 च्या दशकात अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉइल यांनी कर्नाटकातल्या मत्स्यबीज केंद्रांचा अभ्यास करून रक्तातल्या रक्तात होणाऱ्या या पैदाशीकडे लक्ष वेधले होते. यावर उपायही झाला: भुवनेश्वरच्या मत्स्य संशोधन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर निवड पद्धतीने 'जयंती' रोहू तयार केला. पिढीमागे वाढीत सुमारे 17 टक्क्यांची भर पडली. हा रोहू आमच्या टेम्पोतून कधी उतरला का, हे मला सांगता येणार नाही, कारण पिशवीवर लिहिलेलेच नसते.

यापुढचे मागणे वाणापेक्षा वेळेचे आहे. पाऊस पडल्यावर मासे अंडी घालतात, म्हणून बोटुकली आमच्यापर्यंत ऑगस्ट-सप्टेंबरला पोचते. थंडीत मासा फारसा खात नाही. फेब्रुवारीपासून बागेला पाणी उपसायला लागतो आणि तळे उतरू लागते. म्हणजे वाढीचे खरे महिने किती उरले, आपणच मोजा. आंध्रातल्या कोल्लेरू भागातले शेतकरी यावर एक युक्ती करतात. बोटुकली दाट सोडून, मोजके खाद्य देऊन वर्षभर खुंटवून ठेवतात; मोकळ्या पाण्यात सोडली की ती झपाट्याने भरून निघते. अशी वर्षभराची बोटुकली जुलैच्या पहिल्या पाण्याबरोबर आम्हाला मिळाली तर सात-आठ महिन्यांच्या तळ्यातही बाजाराचे वजन येईल. ती सांभाळायला उन्हाळ्यात पाणी टिकणारी जागा हवी. कडवंचीसारख्या गावांत द्राक्षांसाठी केलेली, मेपर्यंत पाणी धरणारी तळी आहेत. जाळे आणि जिवंत मासा हाताळणे भोई बांधवांना कोणी शिकवायला नको. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे आणि उदगीरचे मत्स्य महाविद्यालय मराठवाड्यातच आहे. नाही ते आमच्या तळ्यावर केलेले संशोधन.

आमचे तळे म्हणजे गावतळे नव्हे. तळाला माती नाही, कागद आहे. त्यामुळे पाण्यात माशाचे नैसर्गिक खाद्य लवकर धरत नाही. ते धरावे म्हणून शेण टाकले की पाणी हिरवे होते. माशाला ते चांगले, पण ठिबकच्या फिल्टरला नाही. परवाच्या वर्षी लॅटरल चोंदायला लागल्या. मोसंबी आंबे बहाराला होती. माझ्या धाकट्या भावाने, इथे बहुतेक जण करतात तसे, मोरचूद फडक्यात बांधून तळ्यात सोडले. शेवाळ गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर पांढरी पोटे होती, काठापर्यंत. भाऊ दोन दिवस जेवला नाही. चूक त्याची म्हणायची का? बाग आणि मासे एका पाण्यावर कसे जगवायचे, शेण किती टाकायचे, शेवाळ कशाने आवरायचे, ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे तोंड वर काढू लागले की सर्वांत आधी काय करायचे, हे कागदाच्या तळ्यावर तपासून कोणी आम्हाला सांगितलेलेच नाही.

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. दर्जा मिळाला त्याचा आनंद आहे. शेतीत वाण आधी त्या त्या भागात लावून पाहतात, मगच शिफारस करतात. तेवढेच माशांच्या बाबतीत करा. आपली संस्था 1961 पासून या विषयाची माणसे घडवते आहे. त्यांतले दोन-चार विद्यार्थी एका पूर्ण वर्षासाठी जालन्याला पाठवा. राहण्याची सोय आमच्या घरी होईल. एका तळ्यात जयंती, दुसऱ्यात बाजारातले बी, तिसऱ्यात खुंटवलेली बोटुकली अशी शेजारी शेजारी सोडून दर महिन्याला वजने घ्या. माझे तळे त्यासाठी मोकळे ठेवतो, आणखी दोघे शेजारी तयार आहेत.

जूनच्या आत कळवलेत तर बरे. पहिल्या पावसाला तळे भरायला घेतो, त्याआधी कागद धुऊन काढावा लागतो.

आपला,
जुन्या जालन्यातला एक मोसंबी बागायतदार