येझदी घरी उभी राहील, पण रस्त्यावर येईल का? पाना हातात घेण्याआधी आरसी बुक बघा

गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याखाली, नाहीतर जुन्या वाड्याच्या पडवीत उभी असलेली आजोबांची गाडी. कुणाकडं येझदी, कुणाकडं राजदूत, कुणाकडं बुलेट. एकेकाळी हीच गाडी तुळजापूर, पंढरपूरपर्यंत डबलसीट जायची. आता घरातला तरुण मोबाईलवर व्हिडिओ बघून ती पुन्हा उभी करायला बसतो. इंजिन उतरतं, टाकी रंगायला जाते, चार महिन्यांनी पहिली किक लागते आणि सगळं गाव बघायला जमतं. खरा प्रश्न त्याच्यानंतर सुरू होतो. गाडी चालू झाली, पण ती कायद्यानं रस्त्यावर आणता येते का?

गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्यांचे नियम, फी आणि पेट्रोल, तिन्ही बदलले. त्यामुळं घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याचा हिशेबही बदललाय. स्पेअर आणि लेथचा खर्च सगळे धरतात, कागदाचा कुणी धरत नाही.

आधी अफवा बाजूला ठेवा

'15 वर्षे झाली की गाडी भंगारात' असा मेसेज ग्रुपवर सारखा फिरतो. तो आपल्याकडं लागू नाही. 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या राजधानी भागातली आहे. सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरच्या गाड्या एप्रिल 2023 पासून मोडीत काढायच्या, असाही नियम झाला. पण महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या खासगी दुचाकीला अशी सक्ती नाही. गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी पुढं 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यानंतर पुन्हा 5 वर्षं. त्यासाठी फॉर्म 25 भरून गाडी आरटीओला दाखवावी लागते.

फीचा हिशेब

दुचाकीची नोंदणी वाढवायची फी पूर्वी 300 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 1,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं 20 वर्षांवरच्या दुचाकीसाठी ती 2,000 केली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

इथपर्यंत परवडतं. पण मुदत संपल्यावर उशीर केला तर दुचाकीला दर महिन्याला 300 रुपये जादा, अशी तरतूद केंद्राच्या नियमात आहे. म्हणजे वर्षाचे 3,600 आणि 3 वर्षांचे 10,800. गाडी गोठ्यात उभी होती, फिरली नाही, हे कारण खिडकीवर चालेलच असं नाही. म्हणून इंजिन खोलायच्या आधी परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून किंवा आरटीओत जाऊन, एकूण किती भरावे लागतील तो आकडा काढून घ्या. त्या आकड्यावर ठरवा, गाडी करायची का नाही.

त्यात नंबरप्लेट आली. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना राज्यात हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाली. दुचाकीला 450 रुपये आणि वर जीएसटी. 2025 मध्ये तिची मुदत बऱ्याच वेळा वाढवली. पण ज्या गाडीची नोंद ऑनलाईन दिसतच नाही, तिची प्लेट मागवायची कशी? 1989 च्या आधीची, 'एमएच' नसलेली तीन अक्षरी नंबरची गाडी असेल तर नोंद जुन्या रजिस्टरमध्ये हातानं लिहिलेली असते. ती आधी आरटीओकडून संगणकावर चढवून घ्यावी लागते. माळशिरस तालुक्यातल्या गाडीचं तर असं होतं, की घर आता अकलूजच्या आरटीओत आणि जुनी नोंद सोलापूरला. दोन्हीकडच्या फेऱ्या धरून चाला.

गाडी कुणाच्या नावावर?

खरी गाठ इथं बसते. आजोबा वारले, गाडी त्यांच्याच नावावर. सातबाऱ्यावर वारस लावायला सगळे धावतात, गाडीचा वारस कुणी लावत नाही. मयत मालकाची गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. चुलत्या-पुतण्यात बोलचाल बंद असेल तर गाडी तिथंच अडते. काही आरसी बुकवर जुन्या पतसंस्थेचा बोजाही तसाच असतो. कर्ज कधीच फिटलंय, पण फॉर्म 35 देऊन बोजा कुणी उतरवलेला नाही.

उलट बाजूही बघा. वीस वर्षांपूर्वी गाडी विकली, पैसे घेतले, पण नाव बदललं नाही, असे लोक गावोगाव आहेत. कागदावर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. विकलेली ती गाडी कुणीतरी पुन्हा चालू करून रस्त्यावर आणली, तर जबाबदारी जुन्या मालकाकडं येऊ शकते.

विमा नसेल तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड. पण दंड ही छोटी गोष्ट. धडक बसून माणूस दगावला आणि विमा नसला, तर भरपाईची रक्कम मालकाला स्वतः द्यावी लागते. ती दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची सोय कायद्यातच आहे. हौसेची गाडी रानापर्यंत येऊ शकते, ती अशी.

रंगकाम करताना एक चूक

चेसी सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करायची फॅशन आहे. त्यात चेसी नंबर घासला जातो किंवा जाड रंगाखाली बुजतो. आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलनं छाप घेतात. छाप उठला नाही तर गाडी चोरीची का, इथून चौकशी सुरू होते. काम करणाऱ्याला सांगून नंबरावर टेप लावून घ्या. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं तर आधी परवानगी घ्या. बिलाशिवाय भंगारातून इंजिन उचलू नका. मूळ रंग बदलला तर तीही नोंद करावी लागते.

पेट्रोल आता वेगळं आहे

2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमुळं कारखान्यांना आणि उसाला आधार मिळतो, ही बाजू आपल्या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. पण 1996 ला बंद झालेली येझदी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलंय.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाला बसतं आणि पत्रा आतून गंजतो. येझदी, राजदूत, आरएक्स 100 या टू-स्ट्रोक. येझदी, राजदूतचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. तळाच्या त्या थरात ऑईल जवळपास नसतं. कॉक तळातून ओढतो, आणि नवीन बोर केलेला ब्लॉक, नवीन पिस्टन, रिंगा पहिल्याच फेरीत जाम होतात. दोष मेस्त्रीला जातो.

यावर उपाय अवघड नाही. पेट्रोलचा पाईप, कॉकचं वायसर, कार्बोरेटरच्या रबरी रिंगा इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. टाकी आतून साफ करून घ्या. गाडी पंधरा दिवसांच्या वर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा.

मग करावं काय?

गाडी 50 वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात असेल तर 2021 च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंद होते. पण त्याची फी नवीन नोंदणीला 20,000 रुपये आहे आणि तशी गाडी रोज रानात, बाजाराला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली एवढ्यापुरतीच. बाकीच्यांसाठी साधाच मार्ग आहे. आधी आरसी बुक शोधा. हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून दुसरी प्रत काढा. नाव, बोजा आणि मुदत बघा. सगळा आकडा कागदावर मांडा. मगच पाना उचला.

कागद जमत नसतील तर गाडी घरात पुसून ठेवा, त्यालाही कुणाची ना नाही. पण आजोबांची आठवण म्हणून उभी केलेली गाडी विम्याशिवाय पोराच्या हातात देऊ नका.